शाळेचा मोबदला : पेण-रोहा पट्ट्यातील एक जुना हिशेब

मुंबईहून गोव्याकडे निघालेला महामार्ग वडखळचे नाके मागे टाकून नागोठण्याच्या दिशेने वळला म्हणजे उजव्या हातास अंबा नदीच्या खाडीकडे उतरत गेलेली सपाट भातशेती आणि डाव्या हातास डोंगरांच्या पायथ्याशी चढत गेलेला वरकस माळ, या दोहोंच्या मधोमध कासू हे गाव लागते. आपटा ते रोहा हा लोहमार्ग १९८६ साली पुरा झाला तेव्हा पेण व नागोठणे यांच्या दरम्यान कासूस एक लहानसे स्थानक मिळाले; आणि अलीकडे महामार्गाच्या चौपदरीकरणाचे ‘पळस्पे ते कासू’ व ‘कासू ते इंदापूर’ असे तुकडे पडल्यामुळे, एरवी ज्याची दखल कोणी घेतली नसती असे हे नाव रखडलेल्या रस्त्याच्या बातम्यांतून वर्षानुवर्षे छापले गेले. परंतु प्रस्तुत लेखकास या गावाचे महत्त्व वाटते ते निराळ्या कारणासाठी. मुलास शाळेत घालून त्याचा पुढे चरितार्थास काही उपयोग होतो काय, हा जो प्रश्न आज पदवीधर बेकारांच्या संख्येमुळे नव्याने विचारला जात आहे, तो पेण आणि रोहा या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात निदान दीडशे वर्षे विचारला गेला आहे, आणि त्याची जी उत्तरे येथे वेळोवेळी मिळाली ती शहरी विचारवंतांच्या उत्तरांहून पुष्कळ अंशी वेगळी आहेत.

शाळा येण्यापूर्वी येथे विद्या नव्हती असे मानण्याचे कारण नाही. खाडीचे खारे पाणी अडवून भाताची जमीन निर्माण करणे ही या खारेपाटाची मूळ विद्या. सरकारातून कौल घेऊन, इस्ताव्याच्या सवलतीवर पाणथळ भूमी लागवडीस आणणारे शिलोत्रदार येथे होऊन गेले. परंतु बांध घातला म्हणजे काम संपले असे होत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास कोणत्या बाजूने जोर येतो, उघाडीचे दार केव्हा उघडावयाचे व केव्हा लोटावयाचे, खेकड्यांनी पोखरलेल्या बांधास खांड पडण्याची चिन्हे कोणती, आणि एकदा खांड पडून शेतात खारे पाणी शिरले म्हणजे ती जमीन पुन्हा गोडी होण्यास किती पावसाळे लागतात, हे सारे ज्ञान आगरी शेतकऱ्याचा मुलगा बापाच्या पाठीमागे चिखलात उभा राहून शिकत असे. ‘जोळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने प्रत्येक घरास बांधाच्या दुरुस्तीसाठी माणूस द्यावा लागे, आणि त्या जोळीत हजर राहणे हीच त्या मुलाची परीक्षा असे. हिचा दाखला कोणी देत नसे. पण जो नापास होई त्याचे पीक जाई, व त्याच्याबरोबर शेजाऱ्यांचेही जाई.

दुसरी विद्या पंतोजीची. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत बसणारा हा गृहस्थ धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई, मोडी वाचावयास शिकवी, आणि तीसपर्यंतचे पाढे झाल्यावर पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी यांचा असा मारा करी की मुलगा पुढे झोपेतही खंडी-मणांचा हिशेब चुकत नसे. तेथे जाणारी मुले बहुतेक ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार यांची असत, कारण ज्यांच्या घरी लिहिण्याचा किंवा तोलण्याचा धंदा होता त्यांनाच त्या विद्येचा मोबदला उघड दिसत होता. कुळाच्या मुलास ती निरुपयोगी आहे असे पंतोजीस वाटे, खोतास वाटे, आणि दुर्दैवाने कुळासही वाटे.

१८५५ साली मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते निर्माण झाले आणि सरकारी शाळांचा विस्तार होऊ लागला. पुढे सरकारने जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा असा लोकल फंड बसविला, ज्याचा एक-तृतीयांश भाग शाळांकडे जावयाचा होता, आणि १८६९ च्या कायद्याने त्यास पक्के स्वरूप दिले. योगायोग असा की ठाण्यापासून वेगळा होऊन कुलाबा (आजचा रायगड) हा स्वतंत्र जिल्हा झाला तोही १८६९ सालीच. म्हणजे या जिल्ह्याचे दफ्तर आणि शाळांचा कर एकाच सालचे. खारेपाटातील रयतेने हा आणा इमानाने भरला. त्या आण्याच्या बदल्यात तिच्या मुलांना काय मिळाले, हा प्रश्न जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात इतक्या रोखठोकपणे मांडला की शंभराहून अधिक वर्षांनी वाचतानाही त्याची धार कमी झालेली वाटत नाही. सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. मला मात्र त्या निवेदनातील त्यांचा अभ्यासक्रम अधिक लक्षणीय वाटतो. मोडी व बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास-भूगोलाची व व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य, एवढ्याच गोष्टी त्यांनी त्यात घातल्या. यात मोडीस दिलेले स्थान सहज आलेले नाही. खोताचे, सावकाराचे आणि कचेरीचे कागद मोडीत असत. ज्यास मोडी वाचता येते त्यास फसविणे अवघड, हे फुल्यांना ठाऊक होते. नोकरीचा विचार त्यांच्या मनात नव्हता असे नाही, परंतु शेतकऱ्याच्या मुलाने शिकावे ते प्रथम स्वतःच्या संरक्षणासाठी, ही त्यांची भूमिका त्या यादीतून स्पष्ट होते.

सरकारी शाळेने प्रत्यक्षात जो मार्ग आखला तो निराळा होता. मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेल्या मुलापुढे दोन-तीनच दरवाजे उघडत: प्राथमिक शाळेतील मास्तरकी, तलाठ्याचा सजा, किंवा एखाद्या कचेरीतील उमेदवारी. देशावर कुलकर्ण्याचे वतन पिढीजात चालत असे. कोकणात मात्र बहुतेक ठिकाणी पगारी तलाठी नेमले जात, आणि एका तलाठ्याकडे अनेक गावे असत. त्यामुळे ‘फायनल पास’ ही दोन अक्षरे येथे वतनाची जागा घेऊ शकत होती. जो मुलगा पास झाला त्यास दरमहा ठरलेला पगार, पावसाची व उधाणाची धास्ती नाही, आणि गावकऱ्यांनी ‘भाऊसाहेब’ म्हणावे हा मान! शिक्षणाचा मोबदला म्हणजे सरकारी नोकरी, हे समीकरण येथे रूढ झाले ते असे. त्यात फसवणूक नव्हती; परंतु सजे थोडे, शाळा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ अशी स्थिती येण्यास एक पिढीही पुरे होती, आणि ती आली तेव्हा ज्यांच्या मुलांना सजा मिळाला नाही त्यांनी शाळेलाच दोष दिला. आज अभियांत्रिकीच्या पदवीविषयी जे बोलले जाते तेच त्या वेळी मराठी सातवीविषयी बोलले जात असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही.

याच काळात कुलाबा जिल्ह्यात शाळेचा खरा उपयोग एका वेगळ्या ठिकाणी सिद्ध होत होता, आणि तो जमाखर्चात कोणी लिहीत नव्हते. खोताकडून जमीन कसावयास घेणाऱ्या कुळास कबुलायत लिहून द्यावी लागे. तीत खंड किती, तो कोणत्या मापाने मोजावयाचा, बांधाचा खर्च कोणी सोसावयाचा, झाडांवर हक्क कोणाचा, आणि खोताच्या मर्जीस आले तर जमीन केव्हा सोडावयाची, हे सर्व असे. आणि खाली कुळाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा असे. आपण कशावर अंगठा उठविला हे कळण्यास बहुतेकांना फसल उलटेपर्यंत वाट पाहावी लागे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी येथे ऑक्टोबर १९३३ मध्ये जो शेतकऱ्यांचा संप पुकारला गेला आणि जो पुढे १९३९ पर्यंत चालला, त्याच्या मुळाशी ही खोती व्यवस्थाच होती. सहा वर्षे शेते पडीत टाकून मोलमजुरीवर, लाकूडफाट्यावर दिवस काढणाऱ्या या कुळांच्या चिकाटीस हिंदुस्थानातील शेतकरी चळवळींत फार थोडी तोड सापडेल. १९३४ च्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस आले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. आणि त्याच वर्षी अलिबागेस ‘कृषीवल’ हे पत्र निघाले. शेतकऱ्यांच्या चळवळीस स्वतःचे वर्तमानपत्र असावे असे वाटणे याचाच अर्थ, ते वाचणारा किंवा चारचौघांत वाचून दाखविणारा एखादा तरी मुलगा गावोगाव तयार झाला होता. तो मुलगा कदाचित कधीही तलाठी झाला नसेल.

पुढे १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोतीनिर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, असे टप्पे आले. त्या दिवशी कसेल तो जमिनीचा मालक ठरला खरा, परंतु कायद्याने ठरणे आणि सातबाऱ्यावर ठरणे यांत कचेरीचा एक लांबलचक व्हरांडा असतो. कलम ३२-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणापुढे कुळाने हजर राहावयाचे, जबाब द्यावयाचा, किंमत ठरल्यावर हप्ते भरावयाचे, आणि फेरफार मंजूर झाला की नाही हे पाहावयाचे. महाराष्ट्रभर असंख्य कुळांनी, कोणी दडपणाने, कोणी भिडेने, कोणी न समजून, आपणास जमीन विकत घ्यावयाची नाही असे जबाब दिले आणि कायद्याने दारात आणून ठेवलेली जमीन परत घालविली. ज्या घरात चौथी-पाचवी शिकलेला एक मुलगा होता, नोटीस कोणत्या तारखेची आहे व जबाबात कारकुनाने काय लिहिले आहे हे ज्यास वाचता येत होते, त्या घराची स्थिती वेगळी होती. चार इयत्तांची किंमत चार बिघे भातजमीन, असा दर कोणत्याही शिक्षणखात्याने कधी जाहीर केला नाही. पण या पट्ट्यात तो प्रत्यक्षात चालू होता.

आता दोन अशा पुरुषांकडे वळू, ज्यांच्यामुळे पेण-रोहा पट्ट्यास या वादात बोलण्याचा खास अधिकार पोहोचतो. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी विनायक नरहर भावे, म्हणजेच पुढचे विनोबा, यांचा जन्म झाला. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते या आजोळच्या परिसरात चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. त्यांचे वडील रोह्यास वकिली करीत, आणि मुलाचे आरंभीचे शिक्षण रोहा व तळे येथे झाले. दोघांच्या बालपणामधले अंतर कोसांत मोजण्याइतके थोडे. दोघांची बुद्धी लोकोत्तर. आणि औपचारिक शिक्षणाशी दोघांनी धरलेले नाते एकमेकांच्या नेमके विरुद्ध.

देशमुखांनी परीक्षा या संस्थेस तिच्याच अटींवर जिंकले. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजला जाऊन त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. १९१८ साली आय.सी.एस. च्या परीक्षेत ते सर्वप्रथम आले; आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री व विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष अशा पायऱ्या ते चढत गेले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघानेच त्यांना लोकसभेत पाठविले होते. रोह्यातील बापांनी मुलांच्या पाठीत रट्टा घालताना या नावाचा किती उपयोग केला असेल याची कल्पना सहज करता येते.

भाव्यांचे शिक्षण बडोद्यास झाले. वडील नरहरपंत रंगांच्या रसायनशास्त्रात रमणारे, शास्त्रीय दृष्टीचे. मुलाने फ्रेंच शिकावे अशी त्यांची इच्छा, तर आईची ओढ संस्कृताकडे. महाविद्यालयात असताना एके दिवशी आईच्या चुलीशी बसून विनायकाने आपली प्रशस्तिपत्रे एकेक करून विस्तवात घातली. आज लागत नसली तरी जवळ ठेवण्यास काय हरकत आहे, असे आईने सुचविले. पुढे कधी त्यांचा मोह होऊ नये म्हणूनच ती जाळीत आहे, असा त्याचा आशय होता. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जाणाऱ्या गाडीत बसलेला हा मुलगा सुरतेस उतरला आणि काशीस गेला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो अहमदाबादेस कोचरब आश्रमात गांधीजींना भेटला. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

शाळा सोडण्याचे समर्थन करणारे लोक विनोबांची ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगतात, परंतु ती अर्ध्यावरच थांबवितात. आश्रमात दाखल झाल्यावर वर्षभरातच विनोबांनी गांधीजींकडून रजा घेतली ती वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे शिकण्यासाठी. म्हणजे त्यांनी जाळले ते प्रमाणपत्र. गुरू, ग्रंथ आणि पाठ यांपैकी काहीही जाळले नाही, आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत ते नवनव्या भाषा शिकत राहिले. उलट, नोकरीच्या शिडीचे शेवटचे टोक गाठलेल्या देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन ती शिडी खुशाल सोडून दिली. एकाने गीतेची ‘गीताई’ केली, दुसऱ्याने कालिदासाचे मेघदूत मराठीत उतरविले. दोघेही १९८२ च्या शरदात, दीड महिन्याच्या अंतराने निवर्तले. शिक्षणाचा मोबदला नोकरीत मिळतो असे म्हणणाऱ्याने देशमुखांकडे आणि मिळत नाही असे म्हणणाऱ्याने विनोबांकडे बोट दाखवावे ही रीत सोयीची आहे, परंतु दोन्ही बोटे चुकीच्या ठिकाणी जातात असे मला वाटते. कारण अशा असामान्य माणसांवरून कासूच्या शेतकऱ्याने आपल्या मुलाविषयी काय ठरवावे, हे काडीमात्र ठरत नाही.

त्या शेतकऱ्याच्या मुलासाठी म्हणून जी योजना झाली ती १९३७ ची वर्धा योजना. हस्तव्यवसायाभोवती सारे शिक्षण गुंफावे हा विचार उदात्त होता. पण ज्याचा मुलगा घरी बांधावर काम करीतच होता त्या बापास, शाळेतही टकळीच फिरवावयाची तर शाळा कशास, अशी शंका आली असल्यास तिला मूर्खपणाची म्हणता येणार नाही. मूलोद्योग शाळा आल्या आणि विरून गेल्या. त्यापेक्षा साठीच्या दशकातील फीमाफीच्या सवलतीने, जी बाराशे रुपयांहून कमी वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांस लाभली, या भागातील हायस्कुले खऱ्या अर्थाने भरली.

मग कारखाने आले. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत, ऐंशीच्या दशकात थळचा खत प्रकल्प, नव्वदीच्या तोंडावर नागोठण्याचा पेट्रोकेमिकल्सचा वायुभंजन प्रकल्प, पाठोपाठ डोलवीचा पोलाद कारखाना. कासूच्या दोन्ही बाजूंस अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात असे प्रकल्प उभे राहिले तेव्हा शिक्षणाचा भाव एकाएकी बदलला, आणि आयटीआयचा फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन बी.ए. झालेल्या थोरल्या भावापेक्षा अधिक कमावू लागला. परंतु या बाजारात दुसराही एक दाखला होता, तो प्रकल्पग्रस्ताचा. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातील एकास नोकरीत प्राधान्य, ही अपेक्षा इतकी दृढ झाली की काही घरांत मुलाच्या गुणपत्रिकेपेक्षा हा दाखला अधिक जपून, लोखंडी पेटीच्या तळाशी, ठेवला जात असे. त्यात एक क्रूर विनोद दडलेला होता. जमीन एकदाच जाते व दाखला एकालाच मिळतो; दुसऱ्या मुलास, पुतण्यास आणि पुढच्या पिढीस पुन्हा शाळेचाच रस्ता धरावा लागतो. शिवाय कारखान्यांनी कायम नोकऱ्यांच्या जागी कंत्राटी कामगार घेण्यास सुरुवात केली तेव्हा आयटीआयचाही भाव उतरला. ज्या विद्येची किंमत एकाच मालकाच्या दारात ठरते तिचे असेच होते.

पेणच्या गणपती कारखान्यांची गोष्ट मी याच्या शेजारी ठेवू इच्छितो. पेण शहर, हमरापूर, जोहे या परिसरात मूर्ती घडविणे हा घरोघरचा धंदा झाला आहे, आणि येथून गणपती परदेशीही जातात. साचा काढणे, जोड लपविणे, रंगाचा हात सारखा ठेवणे, आणि सर्वांत अवघड अशी डोळ्यांची आखणी, हे कोणत्याही शाळेत शिकविले जात नाही. पोर दहा-बारा वर्षांचे असल्यापासून कारखान्यात वावरून ते शिकते, आणि चांगला आखणीकार पदवीधरास हेवा वाटावा असे कमावतो. शाळेवाचून चालते याचा हा निर्विवाद पुरावा, असे कोणी म्हणेल. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि प्रकरण न्यायालयांत गेले, तेव्हा या कुशल हातांचे भवितव्य इंग्रजीत लिहिलेल्या परिपत्रकांत व निकालांत अडकले. ते वाचून त्यांतील कोणत्या कलमास हरकत घ्यावी हे ठरविणे आखणीच्या कुंचल्याने होण्यासारखे नव्हते. धंद्यास हात पुरतो. धंदा टिकविण्यास कागद लागतो.

कासूच्या पूर्वेकडील डोंगरवाड्यांत राहणाऱ्या कातकऱ्यांपाशी दोन्ही नाहीत. दिवाळीनंतर सारे बिऱ्हाड वीटभट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावर परतते. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग त्याच महिन्यांत येतो. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल किती फिटली हे मालकाची वही सांगते, आणि ती वही वाचणारा माणूस कुटुंबात नसतो. शिक्षणाने नोकरी मिळते की नाही हा वाद घालणाऱ्यांनी तो एखाद्या भट्टीवर, हिशेबाच्या दिवशी, घालून पाहावा.

महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण, पनवेल तालुक्यांतील जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्याचे घाटत होते तेव्हा शेतकऱ्यांनी हरकतींचे लेखी अर्ज गठ्ठ्यांनी सादर केले, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मतदान घ्यावे लागले. ते क्षेत्र पुढे उभे राहिले नाही. त्या दिवशी मत देण्याचा अधिकार वय, पदवी वा पगार यांवर ठरला नव्हता, जमिनीच्या खात्यावर ठरला होता. त्यामुळे ज्या घराने १९५७ नंतरच्या वर्षांत न वाचता जबाब देऊन सातबाऱ्यावरचे नाव गमावले होते, त्या घरातील नातू कितीही शिकलेला असला तरी त्याचे नाव मतदारांच्या यादीत असण्याचे कारण नव्हते.